गळक्या इंजिनाची बखर

इतिहास लिहिणारी मंडळी लढाया, तह आणि सनावळ्या यांत इतकी गुंतलेली असतात की गळतीकडे त्यांचं लक्षच जात नाही. आमचं दुसरबीड सिंदखेड राजा तालुक्यातलं. तालुक्याचं गाव म्हणजे जिजाऊंचं माहेर. त्यामुळे इतिहास म्हटला की आमच्याकडचा माणूस थेट लखुजी जाधवांपासून सुरुवात करतो. मी जरा अलीकडून, म्हणजे विहिरीच्या थारोळ्यापासून करतो.

गळतीचा मान पहिल्यांदा मोटेचा. चामड्याची मोट विहिरीत बुडायची, बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची आणि येता येता निम्म्या वाटेत पाणी पुन्हा विहिरीलाच परत करायची. तिला तेल चोपडायचं, शिवण घालायची, ठिगळ लावायचं. विहिरीवरचा माणूस गाणी म्हणायचा म्हणतात. मला वाटतं, त्यातली निम्मी गाणी गळकी मोट पाहून बायकोने केलेली कटकट ऐकू येऊ नये म्हणून असावीत.

तिकडे जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाच्या माणसाने 1897 साली आपलं इंजिन चालवून दाखवलं. तेलात जेवढी ताकद, तिच्यातली सव्वीस टक्के त्याने कामाला लावली. बाकीची धुरात आणि उष्णतेत गेली, पण त्या काळी सव्वीस म्हणजे फर्स्ट क्लास! वाफेची इंजिनं काठावरसुद्धा पास होत नव्हती. पुढे 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात असलं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवलं गेलं. आज ही गोष्ट आमच्या घरी सांगितली तर आई म्हणेल, “इथं फोडणीला पुरेना, अन् ह्यो इंजिनाला पाजून राह्यला!” 1913 साली बोटीने इंग्लंडला जाताना डिझेलसाहेब समुद्रात नाहीसे झाले. इंजिन मात्र जगभर पोचलं.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने लोक त्याला हात लावेनात. शेतकऱ्याला यंत्राची सवय लावायची म्हणजे सुनेला सासरची सवय लावण्यासारखं, वेळ लागतो. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले, पुढे डिझेल इंजिनंही झाली. हेच कूपर 1937 साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. मंत्रिमंडळ टिकलं साडेतीन महिने. त्यांची इंजिनं त्याहून पुष्कळ टिकली. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स निघाली. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीच्या संथ, मोठ्या चाकांच्या इंजिनाच्या नकला राजकोटच्या कारखान्यांनी काढल्या आणि देशभराच्या शिवारांत धुक-धुक सुरू झाली.

आमच्या विहिरीवर इंजिन आलं ते 1972 च्या दुष्काळानंतर. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण त्याच्या म्हातारपणाचा दोष कंपनीला का? पण एका साली गहू ओंबीत असताना त्याने तेल गाळायला सुरुवात केली. ओंबीतल्या गव्हाचं पाणी चुकलं की दाणा पोचट राहतो, आणि तेल संपलेलं इंजिन तसंच रेटलं की आतलं बेअरिंग जळतं. म्हणजे चालवावं तर इंजिन जातं, न चालवावं तर गहू. त्या गव्हावर वर्षाची भाकरी आणि माझी परीक्षेची फी, दोन्ही होत्या.

मिस्त्री आला. “बोल्ट ढिले हायत. आवळले की झालं.”

काका भडकले. “तीन सालापासून आवळूनच राह्यला तू, अन् तेल गळूनच राह्यलं!”

मग इंजिन घरी अंगणात आणलं. गळतीचा शोध घेताना एक लक्षात ठेवावं : तेल जिथं दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. ते वरून निघतं, चाकाच्या वाऱ्याने पसरतं आणि खालच्या बोल्टवर जाऊन थेंब होतं. गावातल्या बातमीसारखंच. म्हणून आधी रॉकेलने सगळं धुतलं, चिंधीने कोरडं केलं आणि जुन्या खडूंची पूड वर भुरभुरवली. हॅन्डल मारलं. दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीवर काळ्या रेघा उमटल्या. एक टॅपेट कव्हरपाशी, एक चेंबरच्या जोडावर, एक शाफ्टच्या ऑईल सीलपाशी. तिन्ही एकदम!

मिस्त्री म्हणाला, तिन्ही बदला. काकांनी खर्चाचा आकडा ऐकला आणि ते खाटेवर बसले.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. “काहो भाऊजी, ह्या नळीतून आधी धूर निघे ना? आता काहून निघत नाही?”

ती नळी ब्रीदरची. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू निसटून चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. भगुण्यावर झाकण दाबून बसवलं की दूध कडेने येतं, तसंच. काकांनी नळी काढली. आत कुंभारीण माशीने पक्कं मातीचं घर बांधलेलं होतं, भाडं न देता!

तारेने नळी मोकळी केली. आवळून आवळून वाकडं झालेलं कव्हर ठोकून सरळ केलं, पॅकिंगचा कागद त्याच्या कडेवर धरून हातोडीने हलके ठोकत कापला आणि बोल्ट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. पुन्हा खडू, पुन्हा हॅन्डल. पूड पांढरीच राहिली. संध्याकाळी गव्हाला पाणी सुटलं. आई उशिरापर्यंत ओट्यावर बसून ती धुक-धुक ऐकत होती.

मग विजेचे पंप आले, भारनियमन आलं, आणि 2024 साली सरकारने मागेल त्याला सौर कृषी पंप देण्याची योजना काढली. सौर पंपाला चेंबर नाही, तेल नाही, म्हणजे गळती नाही असं सांगतात. असेलही. पण परवा एका शेजाऱ्याच्या पॅनेलखाली मी वाकून पाहिलं. तिथं कुंभारीण मातीचा पहिला गोळा लावत होती.