घरासाठी चांगला कॅरम बोर्ड कसा घ्यावा? प्लायपासून पक्क्या बिलापर्यंत सगळी माहिती

भीमपूर (जि. आदिलाबाद) : कापसाचे पैसे हातात आले, पोरांना सुट्ट्या लागल्या, की घरात एक मागणी हमखास होते, "बाबा, कॅरम घ्या ना." आपण आदिलाबादला किंवा पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला जातो, दुकानात भिंतीला टेकवलेल्या बोर्डांपैकी जो चमकतो तो उचलतो आणि गाडीवर आडवा धरून घरी आणतो. पहिला पाऊस पडला की त्याच बोर्डाचा मधला भाग ताटासारखा खोल होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या पोरांनी गणपतीत स्पर्धा ठेवली. वर्गणीतून ८५० रुपयांचा बोर्ड आणला. आणायला मीच गेलो होतो. फायनलला एक दहावीतला मुलगा होता. शेवटची सोंगटी त्याने अगदी सरळ मारली, पण ती पॉकेटजवळ जाऊन हळूच डावीकडे घरंगळली. एकदा नाही, दोनदा. पोरगं हरलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर पट्टी ठेवून पाहिली तर मधोमध बोट जाईल एवढी फट. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, "बिल कुठंय?" बिल नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस, आणि साधं बिल घेतलं नव्हतं! त्या बोर्डावर आता आमच्या घरी कुरड्या वाळतात.

तेव्हापासून बोर्ड पाहताना जे जे तपासायला शिकलो, ते इथे एकत्र देतो आहे.

आधी माप पाहा

बाजारात लहान मुलांचे, मधले आणि पूर्ण मापाचे असे बोर्ड मिळतात. घरात दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर पूर्ण मापाचाच घ्या. लहान बोर्डावर हाताला जी सवय लागते ती मोठ्या बोर्डावर कामाची राहत नाही.

स्पर्धेच्या नियमांनुसार खेळायचा पृष्ठभाग चौरस असतो आणि त्याची बाजू ७३.५ ते ७४ सेंटीमीटर भरते. चौकट धरून सगळा बोर्ड साधारण तीन फुटांचा होतो. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटीमीटर. पृष्ठभागापासून चौकटीची उंची १.९० ते २.५४ सेंटीमीटर. टेप घेऊन जा. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते १०४ ते १०५ सेंटीमीटरच्या आसपास आणि दोन्ही सारखे भरले पाहिजेत. फरक आला तर चौकट तिरपी बसली आहे. अशा बोर्डावर कटशॉट कधीच मनासारखा बसत नाही.

दुकानदार "४ बाय २" असं काही सांगेल. ते चौकटीच्या लाकडाचं इंचातलं माप असतं, बोर्डाचं नाही. जाड चौकट म्हणजे चांगला बोर्ड, असा आपल्याकडे समज आहे. चौकट दणकट असली तर स्ट्रायकर चांगला परततो हे खरं, पण जाड चौकटीत पातळ प्लाय बसवून विकणारेही आहेत.

खरा जीव प्लायमध्ये

नियमात प्लायची जाडी किमान ८ मिलिमीटर सांगितली आहे. आपल्या हवेत तेवढ्यावर थांबू नका. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते आणि जानेवारीत कडाक्याची थंडी. लाकूड फुगतं, आकसतं, पुन्हा फुगतं. ८ मिमीचा बोर्ड घरात दोन पावसाळे सरळ राहिला तर नशीब. बजेट असेल तर १२ मिमी किंवा त्याहून जाड प्लाय बघा.

जाडी ओळखायची कशी? बोर्ड उलटा करा. पॉकेटच्या कापलेल्या कडेला प्लायचे थर दिसतात. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत, मधे पोकळी नको. मग बोटांच्या पेरांनी पृष्ठभागावर सगळीकडे टकटक करा. एका जागी आवाज भरीव आणि दुसरीकडे पोकळ आला तर तो बोर्ड बाजूला ठेवा. मागच्या बाजूला आधाराच्या आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या असतात. त्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्यात की डिंक लावून स्क्रूने बसवल्यात, तेही बघा.

दुकानातच करायच्या तीन परीक्षा

एक, पट्टीची. स्टीलची लांब पट्टी किंवा ताणलेला दोरा बोर्डावर आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर धरा. खालून उजेड दिसला तर बोर्डाला पोट आहे किंवा खळगा आहे.

दोन, स्ट्रायकरची. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून पावडर टाका आणि एका बाजूने जोरात स्ट्रायकर मारा. समोरच्या चौकटीपर्यंत जाणं ही एक फेरी धरली, तर १५ ग्रॅमचा गुळगुळीत स्ट्रायकर पूर्ण ताकदीने मारल्यावर किमान साडेतीन फेऱ्या व्हायला हव्यात, असं नियम सांगतात. आपला हात खेळाडूचा नसेल तर तीन फेऱ्यांवर समाधान माना. पण दीड फेरीत स्ट्रायकर थांबत असेल तर पृष्ठभाग खरखरीत आहे. चारही बाजूंनी मारून बघा. एकीकडे टणक आणि दुसरीकडे मऊ उसळी मिळाली तर चौकट नीट बसलेली नाही.

तीन, हळू सोंगटीची. हीच परीक्षा आम्ही केली नव्हती. सोंगटी बोटाने अगदी हळू ढकला आणि थांबेपर्यंत बघा. शेवटच्या चार बोटांत ती वळली तर उतार आहे. बोर्ड चौथाई फिरवून पुन्हा करा. सोंगटी दर वेळी फरशीच्या एकाच दिशेला वळली तर दोष फरशीचा. बोर्डासोबत दिशाही फिरली तर दोष बोर्डाचा.

दुकानदार "इथे जागा नाही, घरी जाऊन बघा" म्हणाला तर सरळ दुसऱ्या दुकानात जा.

सोंगट्या आणि स्ट्रायकर

आपल्याकडे कुणी सोंगटी म्हणतं, कुणी गोटी. वस्तू एकच. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. नियमातल्या सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटीमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर आणि वजन ५ ते ५.५ ग्रॅम. बोर्डासोबत फुकट मिळणारा संच बहुतेक हलका असतो. सगळ्या सोंगट्या एकावर एक रचून बघा. रास वाकडी झाली किंवा एखादी सोंगटी डुगडुगली तर संच वेगळा विकत घ्या. लाकडी संच स्पर्धेच्या जवळचा असतो, प्लास्टिकचा पावसाळ्यात फुगत नाही. लहान मुलांच्या घरी प्लास्टिक चालेल.

स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटीमीटर आणि वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम. शंका आली तर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. धातूचा स्ट्रायकर नको. तो नियमात बसत नाही आणि चौकटीचं वाटोळं करतो.

पावडर म्हणून स्पर्धेत बारीक बोरिक पावडर वापरतात. घरात तोंडाला लावायची टाल्कम पावडर किंवा मैदा टाकायची सवय असते. मैद्याने बोर्ड चिकट होतो आणि मुंग्या लागतात. बोरिक पावडर मात्र पोटात गेली तर विषारी आहे. लहान मुलांच्या हाती डबी देऊ नका आणि खेळून झालं की हात धुवा.

घरात कुठे ठेवायचा?

स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटीमीटर असावी. स्टँड नसेल तर सपाट फरशीवर खेळा, पण बोर्ड बादलीवर किंवा पाटावर ठेवू नका. मध्यावर आधार आणि कोपरे अधांतरी राहिले की प्लाय वाकते. दिवा बोर्डाच्या बरोब्बर मध्यावर हवा, शेड लावून, म्हणजे सोंगट्यांची सावली एका बाजूला पडत नाही.

खेळ झाला की कोरड्या सुती फडक्याने पुसा. ओलं फडकं कधीच नको. बोर्ड भिंतीला तिरपा टेकवून महिनोन्महिने ठेवला की स्वतःच्याच वजनाने वाकतो. पलंगाखाली सपाट ठेवा, नाहीतर खिळ्यांवर अगदी सरळ टांगा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लावू नका.

बिल : सीमेवरच्या माणसाने हे वाचाच

आपण राहतो तेलंगणात, खरेदी करतो कधी आदिलाबादला, कधी यवतमाळ-नागपूरला, कधी मोबाईलवरून. त्यामुळे बिलावरच्या गोष्टी समजून घ्या.

दुकानाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. ३६ म्हणजे तेलंगणा, २७ महाराष्ट्र. इतर राज्यांतल्या वाचकांसाठी : कर्नाटक २९, गोवा ३०, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२, गुजरात २४. राज्यातल्या विक्रीवर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग लागतात, परराज्यातून मागवलेल्या मालावर आयजीएसटी. एकूण दर तोच असतो. "दुसऱ्या राज्याचा माल आहे म्हणून टॅक्स जास्त" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आणि कंपोझिशन योजनेतला दुकानदार ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही.

बिलावर प्लायची जाडी, बोर्डाचं माप आणि सोबतच्या वस्तू लिहून घ्या. नुसतं "कॅरम १ नग" लिहिलेलं बिल भांडणाच्या वेळी अर्धंच कामाचं.

आता महत्त्वाचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते. म्हणजे बोर्ड नागपूरला घेतला तरी तक्रार आदिलाबादच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते, खेटे घालत नागपूर गाठावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. हे सगळं ८५० रुपये घालवल्यावर मला कळलं.

पूल टेबल घ्यायचं डोक्यात असेल तर

गेल्या काही दिवसांत नवं घर बांधणाऱ्या दोघा-तिघांनी मला पूल टेबलाबद्दल विचारलं. हौस वाईट नाही. या खेळाचं आपल्याशी नातंही जुनं. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला मानतात, म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या जुन्या ७ नंबरच्या हायवेवरचंच गाव. पुण्याचे विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मले.

पण आधी खोली मोजा. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ४४ बाय ८८ इंच असतो आणि क्यू साधारण ५८ इंचांची. चारही बाजूंनी क्यू मागे ओढायला जागा धरली तर साडेतेरा बाय सतरा फुटांची रिकामी खोली लागते. सात फुटी टेबलालाही साधारण तेरा बाय सोळा. चांगल्या टेबलाच्या कापडाखाली दगडी स्लेट असते आणि तिच्यामुळे वजन तीन-चारशे किलोंच्या घरात जातं. पहिल्या मजल्यावर ठेवायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. स्लेटऐवजी एमडीएफचं टेबल स्वस्त आणि हलकं मिळतं, पण आपल्या पावसाळ्यात त्याची गत माझ्या कॅरमसारखीच होऊ शकते. किमतीत लेव्हलिंग आणि जोडणी धरली आहे का, कापड बदलायला माणूस कुठून येईल, हे लिहून घ्या. ५० हजारांवरचा माल परराज्यातून येताना ई-वे बिल लागतं, तेही विक्रेत्याला आधीच सांगा.

खोली तेवढी नसेल तर कॅरमच बरा. चटई टाकली की मैदान तयार.

शेवटी

कॅरमला घरचा खेळ म्हणून कमी लेखू नका. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईचे प्रशांत मोरे आणि हैदराबादच्या एस. अपूर्वा हे दोघेही जागतिक विजेते. एक आपल्या भाषेचा, एक आपल्या राज्याची.

तेव्हा निघताना खिशात टेप, स्टीलची पट्टी आणि आपला स्ट्रायकर असू द्या. घासाघीस जरूर करा, पण प्लायच्या जाडीवर आणि बिलावर तडजोड करू नका. आमच्या गल्लीने मागच्या वर्षी पुन्हा वर्गणी काढून नवा बोर्ड आणला, १२ मिमीचा, पक्क्या बिलासकट. तो दहावीतला पोरगा आता कॉलेजात आहे. सुट्टीत आला तेव्हा बसण्याआधी त्याने एक सोंगटी हळूच ढकलली आणि ती थांबेपर्यंत बघत राहिला. सोंगटी सरळ गेली. मग म्हणाला, "चला काका, आता लावा."