मराठी आरमारातील खलाशी आणि सरदार : खांदेरी ते विजयदुर्ग

मराठ्यांच्या आरमारासंबंधी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात जहाजांची संख्या, तोफांचा आकार आणि किनाऱ्यावरील दुर्गांचे बळ यांची मोजदाद बहुधा काळजीपूर्वक केलेली असते. इंग्रजांची जहाजे मोठी, मराठ्यांची गलबते लहान. यास्तव खुल्या समुद्रात इंग्रज वरचढ आणि खाडीच्या तोंडाशी मराठे, असा या मोजदादीचा सामान्य निष्कर्ष. तो सर्वस्वी चूक नव्हे. परंतु एकाच बेटाभोवती, महिन्याभराच्या अंतराने, त्याच दोन पक्षांत झालेल्या चकमकींचे निकाल जेव्हा परस्परविरुद्ध लागतात, तेव्हा लाकूड व लोखंड यांच्या हिशेबाने ते उलगडत नाहीत. जहाजावरच्या माणसाला कशाचा सराव होता आणि त्याला हुकूम देणाऱ्याने पूर्वी काय पाहिले होते, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट हे याचे उत्तम उदाहरण होय. इ.स. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी याने सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन हे बेट व्यापले आणि तटबंदीस आरंभ केला. बंदरात येणारेजाणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरून दिसते. त्यामुळे मुंबईकर इंग्रजांनी हरकत घेतली व नाकेबंदीसाठी काही शिबाडे पाठविली. शिबाड हे मूलतः मालवाहू जहाज. त्यावर चढविलेले गोरे सैनिक जमिनीवरच्या पहाऱ्याचे, आणि त्यांचे अधिकारीही तसेच. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प आपले शिबाड घेऊन थेट बेटाला भिडला. तो मद्याच्या अंमलाखाली होता, असे इंग्रजांच्याच कागदांत नमूद आहे. बेटावरून मारा होताच थॉर्प व आणखी दोघे ठार झाले आणि शिबाड मराठ्यांच्या हाती पडले.

यानंतर इंग्रजांनी जो माणूस पाठविला तो निराळ्या घडणीचा होता. रिचर्ड केग्विन हा इंग्लंडच्या राजाच्या आरमारात वाढलेला. इ.स. १६७३ मध्ये डचांकडून सेंट हेलेना बेट परत घेताना रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर तुकडी उतरविण्याच्या कामी तो होता, आणि पुढे काही काळ त्या बेटाचा कारभारही त्याने पाहिला. ('राजनिष्ठा' हा त्याचा स्थायी गुण म्हणता येईल, कंपनीनिष्ठा नव्हे, इ.स. १६८३ मध्ये त्यानेच कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई राजाच्या नावाने ताब्यात घेतली.) ऑक्टोबरमध्ये त्याच्या हाताखाली 'रिव्हेंज' हे लढाऊ जहाज, दोन गुराबा, तीन शिबाडे व दोन मचवे, अशी एकंदर आठ जहाजे आणि त्यांवर सुमारे दोनशे गोरे लोक होते. 'रिव्हेंज'चा कप्तान होता विल्यम मिंचिन.

१८ ऑक्टोबर रोजी पहाटे दौलतखानाने नागावच्या किनाऱ्याकडून सुमारे साठ गलबतांनिशी चाल केली. ही चाल इतकी वेगाची होती, की नांगरून उभ्या असलेल्या इंग्रजी जहाजांना नांगर उचलण्यासही जेमतेम अवधी मिळाला. मराठी गलबते नाळेवरच्या तोफा झाडीत सरळ अंगावर आली. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' या गुराबेने निशाण उतरविले. उरलेली लहान जहाजे दूर राहिली, आणि 'रिव्हेंज' साठ गलबतांच्या घोळक्यात एकटे सापडले. येथवरचा वृत्तान्त पाहता लढाईचा निकाल लागलाच होता. प्रत्यक्षात मात्र केग्विन व मिंचिन यांनी जहाज हलू दिले नाही, तोफांचा क्रम मोडू दिला नाही. पाच गलबते बुडाली, उरलेली माघारी फिरली, आणि 'रिव्हेंज'ने उथळ पाण्यापर्यंत त्यांचा पाठलाग केला.

या प्रसंगाचे वर्णन इंग्रज लेखक शौर्यकथा म्हणून करतात व मराठी लेखक बहुधा घाईने पुढे जातात. दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते. दौलतखानाच्या खलाशांचे शिक्षण उणे नव्हते. ते दुसऱ्या कामाचे होते. नाळेवरची तोफ जागेवर फिरत नाही. तिचा नेम धरावयाचा तर सबंध गलबत फिरवावे लागते, म्हणजे वल्हेकरी व सुकाणूवाला हेच अर्धे गोलंदाज असतात. साठ गलबतांनी एका रेषेत, एका वेगाने, पहाटेच्या अंधुक उजेडात शत्रूवर जाणे हे कच्च्या माणसांचे काम नव्हे. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की पहिल्या धडकेत न खचलेल्या जहाजाच्या कुशीसमोर थांबून काय करावयाचे. 'रिव्हेंज'वरील लोकांची गोष्ट नेमकी उलटी. त्यांना पाठलाग जमत नव्हता, वारा पडला म्हणजे तर मुळीच नाही. परंतु धुरात व गोंगाटात आपल्या तोफेशी उभे राहून ती पुनः पुनः भरणे एवढे एकच काम ते जाणत होते, आणि ज्याने ते काम याहून बिकट जागी केलेले होते असा माणूस त्यांच्या डोक्यावर होता.

पुढचे दोन महिने याच फरकाची उलट बाजू दाखवितात. लढाई जिंकूनही इंग्रजांना नाकेबंदी साधली नाही. रात्रीच्या वेळी लहान होड्या थळच्या किनाऱ्यावरून रसद घेऊन निघत आणि खडकांमधून बेटावर पोचत. इंग्रजी जहाजांना त्या पाण्यात शिरणे अशक्य होते. येथे मायनाकाचे लोक घरच्या अंगणात होते. त्या कामाचा सराव कोळी-भंडाऱ्यांना लष्करी नोकरीत मिळालेला नव्हता. तो त्यांचा पिढीजात धंदाच होता. इ.स. १६८० च्या आरंभी तह झाला व खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीने तेवढ्यात शेजारची उंदेरी बळकावली, हा भाग वेगळा.

हा अनुभव राज्यकर्त्यांच्या ध्यानी राहिला असे मानण्यास जागा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गुराबा व गलबते यांच्या प्रमाणबद्ध सुभ्यांची योजना आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न सोडता सरकारातून बांधून द्यावा, असे सांगितले आहे. आणि वारा प्रतिकूल असता झुंज न देता दुर्गाच्या आश्रयास यावे, अशी स्पष्ट सूचना आहे. या शेवटच्या सूचनेस पुष्कळांनी भित्रेपणा म्हटले. वस्तुतः ती बचतीची सूचना आहे. जहाज पुनः बांधता येते; त्यावरचा तांडेल तयार होण्यास अर्धे आयुष्य लागते. खर्च बांधून देण्यामागेही हेच कारण दिसते, कारण ज्याला पोट भरण्यासाठी मधूनच मासेमारीस जावे लागते त्याला तोफखान्याची शिस्त लागणे कठीण.

आंग्र्यांनी या सरावाचे शास्त्र केले. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने दिलेले त्यांच्या युद्धपद्धतीचे वर्णन शत्रुपक्षाचे असल्यामुळेच मोलाचे ठरते. दीडशे ते तीनशे टनांच्या गुराबा. चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते. वारा पडला की गलबतांनी गुराबांना ओढीत न्यावयाचे. शत्रूच्या पिछाडीस जमावयाचे, कारण तेथून त्याच्या कुशीतील तोफा लागू पडत नाहीत. प्रथम डोलकाठ्या पाडावयाच्या, आणि जहाज पांगळे झाल्यावरच चोहोंकडून जवळ जावयाचे. तरीही शरण न आल्यास तलवारी उपसून वर चढावयाचे. खांदेरीच्या लढाईत जे उणे पडले होते, त्याचेच हे उत्तर नव्हे काय? इ.स. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्याने याच रीतीने ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी लढून दोन जाळली व एक धरले.

दोनच वर्षांनी हे आरमार नष्ट झाले. ते कसे झाले हे पाहण्याजोगे आहे, कारण शेवटच्या लढाईत त्याला आपली विद्या वापरण्याची संधीच मिळाली नाही. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा विल्यम जेम्स हा मुंबईच्या मरीनमधला, याच किनाऱ्यावर व्यापारी जहाजांच्या संरक्षणात वर्षे घालविलेला. त्याने आधी पाण्याची खोली मोजली, मग 'प्रोटेक्टर' जहाज किल्ला व किनारा यांच्यामध्ये नेले. त्याच वर्षाअखेर त्यानेच विजयदुर्गाचे पाणी मोजून आणले. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इंग्रजी मोहिमांना जे ज्ञान नव्हते ते आता त्यांच्याकडे होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर आला तेव्हा तुळाजी किल्ल्यात नव्हता. पेशव्यांच्या सरदारांशी बोलणे करण्यासाठी तो त्यांच्या छावणीत गेला होता आणि किल्ला आप्ताच्या हाती होता. गुराबा तटाखाली एकमेकींशी बांधून उभ्या केलेल्या. १२ तारखेस एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला, ते पेटले व त्याबरोबर सगळे आरमार पेटले. हे जहाज काही वर्षांपूर्वी तुळाजीनेच इंग्रजांकडून जिंकलेले! ज्या खलाशांचे सारे कसब हालचालीत होते, त्यांना बांधून ठेवणारा हुकूम कोणाचा, हा प्रश्न तुळाजीच्या गैरहजेरीपासून वेगळा करता येत नाही. आणि ती गैरहजेरी घडविणारे राजकारण पुण्याचे होते.

माणसे मात्र जळाली नव्हती. विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला व तेथील सुभा आनंदराव धुळपाकडे गेला. ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळच्या समुद्रात धुळपाच्या आरमाराने 'रेंजर' हे कंपनीचे जहाज तुंबळ हातघाईनंतर धरले. सालबाईचा तह त्यापूर्वीच झालेला असल्याने जहाज परत करावे लागले. पण तेवीस-चोवीस वर्षांचा एक खलाशी विजयदुर्गाच्या आगीतून वाचला असेल, तर या वेळी तो पन्नाशीचा तांडेल असणार. सरावाची परंपरा याहून लांब नेण्याची गरज नाही.

भाषेतही या परंपरेची खूण राहिली आहे. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, 'पगार'ही त्यांच्याकडूनच; 'गुराब' अरबीतला, मूळ अर्थ कावळा; 'नाखवा' हा फारसी नाखुद्याचा वंशज, आणि 'सारंग'ही फारसीतून आलेला. दर्यासारंग, आरमाराचा सुभेदार ही अधिकारपदे आरमाराबरोबर गेली. हाताखालच्या माणसांचे शब्द तसे गेले नाहीत. कोकणातले खलाशी इंग्रजी जहाजांवर नोकरीस लागले आणि सारंग व तांडेल हे शब्द इंग्रजी नाविक दप्तरांत जसेच्या तसे शिरले. अंधेरीच्या पश्चिमेस वेसावे येथे आणि खाडीपलीकडे मढ येथे नाखवा व तांडेल आजही होडीवर आहेत.