धावपट्टी कुणाच्या तरी शेताची

पालीच्या वाटेनं राजगड चढताना मागं वळून पाहिलं, की भातखाचरं पायऱ्यांसारखी दिसतात. इथं ग्लायडर उतरवायचं म्हटलं तर? मला हा प्रश्न पडतो, कारण ग्लायडरचा इतिहास हा परक्या शेतात उतरण्याचाही इतिहास आहे.

आरंभी ग्लायडर टेकडीवरून सुटे आणि तिच्या आसपासच उतरे. १९२६च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या वासरकुप्पे डोंगरावरून उडालेल्या माक्स केगेलला वादळी ढगानं वर ओढून घेतलं. तो ५५ किलोमीटरवर जाऊन उतरला. १९२९मध्ये रॉबर्ट क्रोनफेल्डनं १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. लांब जायचं, तर मिळेल तिथं उतरायची तयारी हवीच.

इंजिन नसल्यानं चुकलं तर पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून उंची हाताशी असतानाच शेत हेरायचं: पीक निघालेलं, लांब, सपाट. उतार असेल तर चढाकडे तोंड करून उतरायचं. वारा धुरावरून ओळखायचा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. पालीसारखी खाचरं टाळायची. त्यांचे बांध ग्लायडर मोडतात.

पुण्यात हडपसरच्या सरकारी ग्लायडिंग केंद्रात विंचच्या तारेनं वर जाऊन अनेकांनी ही विद्या गिरवली. आता त्या परिसरातली बरीच शेती इमारतींखाली गेली आहे.

सुखरूप उतरल्यावरही एक काम उरतं. शेतमालकाला भेटायचं आणि नुकसान झालं असेल तर भरून द्यायचं. आपला जीव वाचवणारी ती जागा त्याची भाकरी असते.