कुंडलिकेच्या काठी तीन शाळा: निजामी जालन्यातील एक अवघड निवड

(१) वस्तीतील कोणती शाळा बरी, हा प्रश्न आज शुल्क, निकाल आणि अंतर पाहून सुटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या जालन्यात तो इतका सोपा नव्हता. शाळा ठरवणे म्हणजे मुलाची भाषा ठरवणे होते. काही घरांत तर धर्मही. आजचा धागा त्या निवडीविषयी.

(२) आधी भूगोल. कुंडलिका नदीमुळे शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग पडतात. त्यांच्या बाहेर १८२७ च्या सुमारास इंग्रजी लष्कराची छावणी वसली. मुलूख निजामाचा, तोफा कंपनीच्या! गावाच्या कडेला उभ्या राहिलेल्या या निराळ्या वस्तीमुळेच मिशनऱ्यांना येथे पाय रोवणे सोपे गेले असावे.

(३) पहिली वाट मिशनची. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यालाच पुन्हा जातीत घेण्यावरून मोठे वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली होती. नारायणरावांनी १८६० च्या दशकात जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. पहिल्या सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ ‘बेथेल’ हे गाव वसवले. तेथे चर्च होते, शाळा होती. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मातंग, काही महार. गावच्या पंतोजीच्या ओट्याला ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांच्या मुलांच्या हाती येथे पाटी आली. हे धर्मांतराचे आमिष होते, असे म्हणून विषय संपवता येत नाही. त्या मुलांपुढे दुसरा दरवाजा कोणता उघडा होता, हेही पाहावे लागते.

(४) दुसरी वाट सरकारी. १८८४ पासून हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली. कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, म्हणून शाळाही उर्दू. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: मराठी सरकारी शाळेतून पूर्णपणे हद्दपार नव्हती. प्राथमिक वर्गांत ती शिकवली जाई. खरी कोंडी पुढे होत असे. माध्यमिक शाळेत इतिहास, गणित, विज्ञान सारे उर्दूतून. घरी मराठी, देशमुख-कुलकर्ण्यांच्या दप्तरात मोडी, वर्गात उर्दू आणि विषय म्हणून सक्तीची इंग्रजी, अशा चार पायऱ्या पोराला चढाव्या लागत.

(५) तरीही शहाणी माणसे मुलांना तेथेच घालत, कारण नोकरी तेथूनच मिळे. १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवले जाऊ लागले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग खरोखरच मोठा होता. दुर्दैव इतकेच की, राज्यातील बहुसंख्यांच्या मातृभाषा मराठी, तेलुगू आणि कन्नड होत्या.

(६) तुलना करायला लांब जाण्याची गरज नव्हती. जालन्याहून तीसेक किलोमीटरवर, वऱ्हाडच्या हद्दीत, जिजाऊंचे सिंदखेडराजा. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असल्यामुळे तेथील सरकारी प्राथमिक शिक्षण मुख्यतः मराठीतून चाले. दोन्हीकडे बोली जवळजवळ एकच, नातीगोतीही हद्दीपलीकडची. मामाच्या गावचा पोरगा भूगोल मराठीतून शिके, भाचा उर्दूतून.

(७) तिसरी वाट खासगी मराठी शाळांची. हैदराबादची विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ मधले, औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ मधले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले. रेल्वे १९०० मध्ये आल्यामुळे जालन्याच्या सुखवस्तू घरांना औरंगाबाद जवळचे झाले होते. परंतु या शाळा वर्गणीवर चालत आणि सरकारी परवानगीच्या जाचात अडकत. गरीब शेतकऱ्याला शहरात मूल ठेवणे परवडणारे नव्हते. मुलींसाठी तर तिन्ही वाटा अरुंदच.

(८) गंमत अशी की, निजामाविरुद्ध विद्यार्थ्यांचा सर्वांत गाजलेला उठाव खासगी शाळेत झाला नाही. १९३८ ची ‘वंदे मातरम्’ चळवळ औरंगाबादच्या सरकारी इंटरमिजिएट कॉलेजातून पेटली आणि उस्मानियापर्यंत पोहोचली. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

(९) १७ सप्टेंबर १९४८ नंतर पारडे फिरले. शाळांत मराठी आली, उस्मानियात इंग्रजी. ज्यांनी पोटाला चिमटा काढून उर्दूत प्रावीण्य मिळवले होते, त्या हिंदू-मुसलमान कारकुनांची विद्या काही वर्षांत निरुपयोगी ठरली. त्यांच्या हानीबद्दल मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत फारसे लिहिलेले आढळत नाही.

(१०) १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली. त्यांतील कागद उर्दूत आणि मोडीत होते. ते वाचण्यासाठी जाणकार शोधून आणावे लागले.