सहा मिनिटांचा पाठ आणि खिशातला आरसा

बीएस्सी झालेल्या कुणालाही विचारा, खिळा बुडतो, मग लोखंडी जहाज का तरंगतं? घनता, प्लावक बल, सगळं तोंडपाठ. आता हेच सातवीच्या वर्गाला समजावून सांग म्हणा. तिथे गाडी अडते! विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं.

पण शिकवताना आपण नेमकं काय करतो, हे आपल्याला दिसतच नाही. इथे कामी आलं एक यंत्र.

साल १९६३. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकारी नवे शिक्षक घडवत होते. त्यांनी पाठ छोटा केला: काही मिनिटं, चार-पाच विद्यार्थी, एकच कौशल्य. समोर व्हिडिओ रेकॉर्डर. चित्रण पाहायचं, चूक हेरायची, पाठ पुन्हा घ्यायचा. हेच मायक्रोटीचिंग, आपलं सूक्ष्म अध्यापन.

रेकॉर्डिंगमधून काय सापडतं? मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचे टेप तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी थांबत होते फक्त एक सेकंद! तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबत होती, जास्त मुलं बोलत होती. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. वर्गात उभं राहून हा एक सेकंद कुणाच्या लक्षात येणार?

१९६० च्या दशकातच ही पद्धत भारतात पोहोचली. पुढे बडोद्यात बी. के. पासी यांनी त्यावर काम केलं. १९७६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पण कॉलेजात कॅमेरा आणायचा कुठून? मग भारतीय रूप घडलं: वर्गमित्रच विद्यार्थी, एकाच्या हातात निरीक्षण तक्ता. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं फेरनियोजन, मग पुन्हा सहा अधिक सहा. एकूण ३६ मिनिटं. बी.एड. वाल्यांना हे चक्र चांगलंच माहीत आहे!

जुगाड उत्तम होता, पण त्यात आरसा हरवला. मित्र तक्त्यावर भिडेपोटी ‘छान’ लिहितो. कॅमेऱ्याला भीड नसते.

आज तो आरसा तुमच्या खिशात आहे. फोन पुस्तकाला टेकवून ठेवा, धाकट्या भावंडाला सहा मिनिटं जहाज आणि खिळा शिकवा. मग रेकॉर्डिंग पाहा. स्वतःचा आवाज ऐकून कसंतरी होईल, पण बंद करू नका. एकच मोजा: प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबलात?

आणि मग तोच पाठ पुन्हा घ्या. कारण नुसतं रेकॉर्डिंग शिकवत नाही, दुसरा प्रयत्न शिकवतो. भेटू पुढच्या भागात!