कडक टाकोचं कूळ

मेक्सिकन जेवणाच्या जाणकारापुढे कडक टाको ठेवून पाहा. तो नाक मुरडेल. मेक्सिकोत असलं काही खात नाहीत, हे अमेरिकन कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे, असं ऐकवेल. यात तथ्य आहे, पण निम्मंच. या टाकोच्या कुळाचा माग काढत गेलं की आपण कंपनीच्या दारात पोचत नाही. पोचतो ते कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या माउंट व्हर्नन अव्हेन्यूवर, मित्ला कॅफे नावाच्या घरगुती वळणाच्या खानावळीत.

लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी ती १९३७ साली सुरू केली. मित्ला हे मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातलं झापोटेक लोकांचं प्राचीन ठिकाण. खानावळीसमोरून तेव्हा प्रसिद्ध रूट ६६ हा हमरस्ता जायचा आणि आसपास मेक्सिकन कामगारांची वस्ती होती. ताटात टाको असायचा तो असा : तळून कडक केलेला तोर्तिया, आत गोमांसाचा खिमा, बारीक चिरलेलं आइसबर्ग लेट्यूस, टोमॅटो आणि वर चेडर चीजचा कीस.

यातला तोर्तिया अस्सल मेक्सिकन. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन वाटायचा आणि त्या पिठाची पातळ भाकरी तव्यावर भाजायची, ही रीत हजारो वर्षांची आहे. चुन्यामुळे साल सुटतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपीयांनी मका नेला, चुना मात्र तिथेच सोडला. पुढे उत्तर इटलीत नुसत्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्रा या नायसिनच्या अभावानं होणाऱ्या रोगानं खंगली. (तोर्तियाच्या या मक्याशी एका मराठी माणसाचाही संबंध आला. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत आणि मक्याच्या सुधारित वाणांवर काम करत. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चितारलं आहे.)

तळणंही मेक्सिकोचंच. तिथे तळलेल्या टाकोंना ‘टाकोस दोरादोस’ म्हणतात, म्हणजे सोनेरी टाको. सीमेच्या उत्तरेला आल्यावर बदललं ते सारण. खिमा, चेडर, आइसबर्ग या सगळ्या अमेरिकन बाजारातल्या सहज मिळणाऱ्या वस्तू. परमुलखात गेलेली गृहिणी जे हाताशी असेल त्यात आपलं जेवण बसवते, तेच इथे झालं. याला भेसळ म्हणायला मी तरी तयार नाही.

मित्लाचा लौकिक नुसता टाकोवर उभा नव्हता. सॅन बर्नार्डिनोच्या सार्वजनिक तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना मोकळेपणी पोहता येत नसे. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मंडळींच्या बैठका इथे होत. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९४४ साली ‘लोपेझ विरुद्ध सेकूम्ब’ या खटल्यात निकाल त्यांच्या बाजूनं लागला. शाळांमधला भेदभाव मोडणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या पुढच्या खटल्याला त्या निकालाचा आधार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मित्लाच्या समोरच ग्लेन बेल नावाच्या गोऱ्या माणसानं हॉटडॉग आणि हॅम्बर्गरचं दुकान टाकलं. त्याच गावात मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली झटपट बर्गरची पद्धत बसवली होती, त्यामुळे बर्गरच्या धंद्यात चढाओढ होती. बेल रस्ता ओलांडून मित्लात टाको खायला येई. आधी चव बघून, परत जाऊन तो स्वतःच्या स्वयंपाकघरात प्रयोग करी. रॉड्रिगेझ कुटुंबातले लोक सांगतात की तो सारखा तिथेच असायचा आणि शेवटी त्याला भटारखान्यात येऊन बघू दिलं.

बेलची अडचण वेळाची होती. गिऱ्हाईक उभं असताना एकेक तोर्तिया मुडपून तळत बसायला त्याला सवड नव्हती. म्हणून त्यानं कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्या एका कारागिराकडून तारेचा साचा करून घेतला आणि बरीच कवचं एकदम तळून ठेवायला लागला. मागणी आली की सारण भरायचं आणि द्यायचं. पुढे त्यानं टाको-टिया, मग एल टाको, आणि १९६२ साली डाउनी गावात टाको बेल ही दुकानं काढली. १९७८ साली पेप्सिकोनं ती साखळी विकत घेतली. भारतात ती २०१० साली बेंगळुरूला आली.

तरी साच्याचा मान बेलला देता येत नाही. न्यूयॉर्कमधले मेक्सिकन हॉटेलमालक हुवेन्सिओ माल्दोनादो यांना टाकोची कवचं तळायच्या साच्याचं अमेरिकन पेटंट १९५० सालीच मिळालं होतं. म्हणजे चव लुसियाबाईंच्या घरची, साचा माल्दोनादोंच्या नावावर आणि साम्राज्य बेलचं. बेलनं चोरी केली असं मी म्हणणार नाही. खाण्याच्या धंद्यात सगळेच एकमेकांच्या ताटात डोकावतात, आणि पाककृतीवर कुणाची मालकी नसते. पण टाकोचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, ते चूक आहे. त्यानं टाकोला वेग दिला, एवढंच त्याचं श्रेय. ते छोटं नाही, पण तेवढंच आहे.

मित्ला कॅफे आजही माउंट व्हर्नन अव्हेन्यूवरच आहे आणि त्याच कुटुंबाच्या पुढच्या पिढ्या ते चालवतात. लॉस अँजेलिसहून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटर. लेकीकडे, मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांनी डिस्नेलँडमधून एक दुपार काढावी आणि तिथे जेवून यावं. मात्र टाकोतला खिमा गोमांसाचा असतो, तेव्हा चालत नसेल तर मागवण्याआधी विचारून घ्या.