धान्य, कर आणि भट्टी: जवाच्या दारूवरून एक तुलनात्मक टिपण

जयपूरच्या दुर्गापुरा भागात राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. तेथे विकसित झालेल्या जवाच्या (सातूच्या) वाणांची नावे ‘आरडी’ या अक्षरांनी सुरू होतात. ती राजस्थान आणि दुर्गापुरा यांची खूण. त्यांपैकी ‘आरडी 2849’ हे माल्टसाठीचे वाण आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. त्यापासून बिअर आणि व्हिस्कीचे मोठे कारखाने चालतात. जव पिकवणाऱ्या शेतकऱ्याने मात्र परवान्याशिवाय घरी दारू गाळली तर तो गुन्हा ठरतो. जपानच्या इकी बेटावर जवाची दारू गाळणाऱ्या लहान भट्ट्या आजही चालू आहेत. हा फरक चवीचा नाही, महसुलाच्या इतिहासाचा आहे. तो कसा, ते पाहू.

इकी बेट: करातून उरलेले धान्य

इकी हे क्यूशू आणि त्सुशिमा यांच्या मधले बेट. तेथील दारूला ‘मुगी शोचू’ म्हणतात. मुगी म्हणजे जव. यात जवाला मोड आणत नाहीत. शिजवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात, ती पिष्टाची साखर करते. एक भाग तांदळाची कोजी आणि दोन भाग जव हे इकीचे प्रमाण. आंबवलेले मिश्रण एकदाच गाळतात.

जवच का? एदो काळात (1603–1868) शेतसारा मुख्यतः तांदळात घेतला जाई. घरात उरे तो जव. म्हणजे या दारूच्या जन्मातच कर आहे. पुढे 1899 मध्ये मेइजी सरकारने घरगुती दारूवर बंदी घातली. त्याच सुमारास मद्यकराचे उत्पन्न जमीनमहसुलाच्याही पुढे गेले होते. तरीही परवाना घेऊन लहान उत्पादक टिकले, आणि 1995 मध्ये इकीच्या शोचूला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले.

मुंबई इलाखा: रिवाजाचा गुन्हा झाला

आता ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांकडे वळू. येथे जवाऐवजी मोहाची फुले होती. आदिवासी समाजात मोहाची दारू लग्नात, देवकार्यात आणि पाहुणचारात लागे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या भट्ट्या बंद होत गेल्या. मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांतून दारू येऊ लागली, विक्रीचे मक्ते धनिकांकडे गेले आणि कर चढत राहिला. घरी गाळणे चालूच राहिले, तेव्हा सरकारने 1892 मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा केला. फुले गोळा करणे आणि साठवणे यांवर निर्बंध आले. वाळवलेली फुले हे टंचाईच्या दिवसांतले अन्नही होते, हे येथे ध्यानात घ्या.

सरकार म्हणे, दारू महाग झाली की लोक कमी पितील. दारूचे दुष्परिणाम खरे आहेतच. पण ज्या खात्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून, त्याच्या या युक्तिवादाकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावधपणे पाहिले पाहिजे.

शेजारच्या पोर्तुगीज गोव्यातही 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे अबकारीचा जाच पोहोचला. तो करार 1892 मध्ये संपला. काजूची फेणी लहान भट्ट्यांवर गाळली जात राहिली, आणि 2009 मध्ये तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. मोहाच्या भट्टीच्या वाट्याला मात्र बराच काळ पोलिसांचे छापेच आले.

साधनांचा प्रश्न

जपानमध्ये शोचूचा एक जुना उल्लेख 1559 चा आहे. कागोशिमातील एका देवळाच्या लाकडावर दोन सुतारांनी लिहून ठेवले, की पुजारी इतका चिक्कू, की एकदाही शोचू पाजली नाही. हा पिणाऱ्याचा स्वतःचा आवाज आहे. ठाण्याच्या मोहाबद्दलचे सरकारी कागद मात्र बहुतेक महसूल अधिकाऱ्यांनी लिहिले. म्हणून अबकारी अहवाल वाचताना तुम्ही दोन गोष्टी तपासा: हा कागद कोणी लिहिला, आणि त्यात ‘गुन्हा’ म्हटलेली गोष्ट कायद्याच्या आधी काय होती? तुमच्या जिल्ह्यातील धान्य, फूल किंवा फळ घेऊन हाच प्रश्न विचारून पाहा.